१९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता का? आणि घरातल्या जुन्या कागदांवरचे पाउंड-डॉलर रुपयात कसे मांडायचे

प्रश्न थोडक्यात असा आलाय. घरातल्या वाटणीसाठी जुने कागद काढले तेव्हा तीन कागद सापडले. १९५१ मधे काकांनी लंडनहून पाठवलेल्या १५० पाउंडांची चिठ्ठी, मामांनी अमेरिकेहून १९६६ मधे दिलेल्या १०० डॉलरची वहीतली नोंद (महिना लिहिलेला नाही) आणि ऑक्टोबर १९९२ चा १००० डॉलरचा बँकेचा कागद ज्यावरचा दर कुठल्याच तक्त्याशी जुळत नाहीये. हे रुपयात किती होते? आणि जाता जाता, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपयाला एक डॉलर मिळायचा हे व्हॉट्सॲपवर येतं ते खरं का?

मी बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज खात्यात नोकरी केली आणि आता वारसा हक्क, जुने हिशेब, टॅक्स यांच्यासाठी जुने दर काढून देतो, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न वारंवार येतात. उत्तर लांबणार आहे कारण नुसता आकडा देऊन भागत नाही, जुना दर म्हणजे कोणीतरी कशासाठी तरी ठरवलेला आकडा असतो आणि तो कोणी ठरवला, कोणाला मिळायचा हे कळल्याशिवाय वापरला की हिशेब हमखास चुकतो.

आधी डॉलरचं. नाही, १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर नव्हता. एका डॉलरला साधारण ३ रुपये ३१ पैसे पडायचे. हा अंदाज नाही, त्या काळच्या कायद्यातून निघणारा हिशेब आहे आणि तुम्ही स्वतः करून बघू शकता. रुपया तेव्हा डॉलरला बांधलेलाच नव्हता, तो पाउंडाला बांधलेला होता, एक रुपया बरोबर १ शिलिंग ६ पेन्स. पाउंडात २४० पेन्स, १ शिलिंग ६ पेन्स म्हणजे १८ पेन्स, २४० भागिले १८ म्हणजे पाउंडाला १३.३३ रुपये, जुन्या हिशेबात तेरा रुपये पाच आणे चार पै. आणि पाउंडाचा डॉलरशी ठरलेला दर होता ४.०३. तेरा-तेहतीसला ४.०३ ने भागा, ३.३१ येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मधे रुपयाची जी अधिकृत किंमत नोंदवली ती एका रुपयाला ०.२६८६०१ ग्रॅम शुद्ध सोनं अशी होती, तेव्हा सोनं ३५ डॉलर औंस होतं, त्यावरून काढलं तरी रुपयाला ३० सेंट आणि वर थोडं असंच येतं.

व्हॉट्सॲपवाल्या मेसेजमधे कारण दिलेलं असतं की तेव्हा देशावर कर्ज नव्हतं म्हणून बरोबरीचा दर होता. कर्ज नव्हतं हे एका अर्थी खरंच आहे, उलट इंग्लंडच आपलं देणं लागत होतं. दुसऱ्या महायुद्धात इथून माल आणि सैन्याचा खर्च उचलला गेला आणि त्याचे पाउंड लंडनमधे आपल्या नावावर जमा होत गेले, युद्ध संपता संपता ते तेराशे दशलक्ष पाउंड म्हणजे सतराशे कोटी रुपयांच्या घरात गेले होते. पण कर्ज असण्या-नसण्याने एका नाण्याला दुसऱ्याचे किती मिळतात हे ठरत नाही. जपानचा येन १९४९ पासून १९७१ पर्यंत डॉलरला ३६० होता आणि त्याच वर्षांत जपान जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांमधे जाऊन बसला. डॉलरला किती रुपये हा आकडा देशाच्या प्रतिष्ठेचं प्रगतीपुस्तक म्हणून वाचला जातो ते मला मनापासून खटकतं, कारण त्यामुळे खरा आणि जास्त महत्त्वाचा इतिहास झाकला जातो.

आता एक गंमतीची पण खरी गोष्ट. रुपया कधीच डॉलरच्या वर नव्हता का, तर हिशेबाने होता, फक्त १९४७ ला नाही, १८६४ मधे. १८३५ च्या कायद्याने रुपया म्हणजे १८० ग्रेन वजनाचं नाणं, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. सोनं-चांदीचं तेव्हाचं प्रमाण साडेपंधराच्या आसपास, म्हणजे रुपयात साधारण १०.६ ग्रेन सोन्याइतकी किंमत, आणि सोन्याच्या डॉलरमधे २३.२२ ग्रेन शुद्ध सोनं. म्हणजे सोन्याच्या डॉलरच्या हिशेबात रुपया ४६ सेंटच. पण अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं, सरकारने युद्धासाठी सोन्यात न वटणाऱ्या कागदी नोटा छापल्या होत्या, आणि जुलै १८६४ मधे त्या इतक्या घसरल्या की सोन्याच्या १०० डॉलरसाठी कागदी २८५ मोजावे लागत होते. त्या काही दिवसांत चांदीचा एक रुपया कागदी सव्वा डॉलरच्या वर जायचा. आणि हेच ते युद्ध ज्याने अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत कधी नव्हे तो भाव आला. म्हणजे रुपया वर गेला असं नाही, डॉलर खाली गेला होता. दर हा नेहमी दोन नाण्यांचा असतो, त्यातलं कुठलं हललं ते बघायला लागतं.

नंतर रुपयाची पाळी आली. १८७० नंतर जर्मनी आणि पाठोपाठ बाकीचे देश चांदी सोडून सोन्यावर गेले, चांदी बाजारात ओतली गेली, भाव पडला आणि चांदीचा रुपया त्याच्याबरोबर पडला. १८७० च्या सुमारास जो जवळजवळ दोन शिलिंगांचा होता तो १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. इथल्या सरकारला दर वर्षी लंडनला पेन्शनी, व्याज वगैरे पाउंडात पाठवावं लागायचं, त्यासाठी इथल्या लोकांकडून तेवढे जास्त रुपये गोळा करावे लागले. जून १८९३ मधे सरकारने टांकसाळी बंद केल्या म्हणजे कोणीही चांदी आणून रुपये पाडून घ्यायची सोय संपली, आणि नाण्यांची टंचाई करून दर वर नेला, १८९८ पर्यंत १ शिलिंग ४ पेन्सवर आणून बसवला. पाउंडाला १५ रुपये. मुंबईच्या गिरण्यांचं सूत तेव्हा चीनला जायचं, चीन चांदीवरच राहिला होता, त्यामुळे रुपया चांदीपासून सुटून वर गेला तो त्या धंद्याला चांगलाच लागला.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली, रुपया परत वर निघाला, १९२० मधे सरकारने सोन्याच्या हिशेबाने २ शिलिंगचा दर धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि काही महिन्यांत तो कोसळला. हा दर सुचवणाऱ्या सरकारी कमिटीत मुंबईचे दादिबा दलाल एकटे विरोधात होते आणि त्यांनी तसं लेखी दिलेलं आहे. लक्षात घ्या, तो चढलेला २ शिलिंगचा दर सुद्धा डॉलरमधे ४८-४९ सेंटच होतो.

१ शिलिंग ६ पेन्स हा आकडा आला कुठून ते सांगायलाच हवं कारण तुमचा १९५१ चा कागद त्याच्यावरच उभा आहे. रुपयाचा दर ठरवायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १९२६ मधे तो सुचवला आणि १९२७ च्या कायद्याने तो पक्का झाला. याच कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावरचा, १९२३ मधे प्रसिद्ध झालेला. आणि कमिशनमधे बसून विरोधी मत लिहिणारे होते मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, त्यांना जुना १ शिलिंग ४ पेन्सचा दर हवा होता. दोन पेन्सचा वाद ऐकायला फुटकळ वाटतो पण हिशेब करा. कापसाच्या गाठींचा भाव ठरतो लिव्हरपूलला, पाउंडात. जुन्या दराने पाउंडाचे १५ रुपये हातात येतात, नव्या दराने १३.३३. त्याच कापसाला शेतकऱ्याच्या हातात पंधरा रुपयांमागे दीड रुपयाच्या वर कमी, आणि सारा, सावकाराचं व्याज, मजुरी हे सगळं रुपयातच द्यायचं, ते काही कमी होत नाही. उलट लंडनला पेन्शनी पाठवणाऱ्या सरकारला आणि मँचेस्टरचं कापड इथे विकणाऱ्याला नवा दर सोयीचा. मुंबईत यावरून करन्सी लीग निघाली, सभा झाल्या, कायदेमंडळात ठराव अगदी थोडक्या मतांनी पास झाला. विनिमय दर हा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात पैसा जाईल याचा निर्णय असतो हे त्या वादाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

(त्याच वादातली एक गोष्ट आजही उपयोगी आहे. सरकार म्हणायचं रुपया साडेबारा टक्के वर गेलाय, व्यापारी म्हणायचे आमचे अकरा टक्के गेले. दोघंही बरोबर, १६ वरून १८ ही साडेबारा टक्के वाढ, आणि १५ वरून १३.३३ ही अकरा टक्के घट. पुढे १९६६ मधे हाच घोळ परत येतो.)

१९३१ मधे इंग्लंडने सोनं सोडलं तेव्हा रुपया पाउंडालाच धरून राहिला आणि दोघं मिळून सोन्याच्या तुलनेत खाली गेले. तोळ्याला एकवीस-बावीस रुपयांचं सोनं तीसच्या वर गेलं, मंदीत पिकाला भाव नसलेल्या घरांनी दागिने विकले आणि मुंबई बंदरातून ते सोनं बाहेर गेलं.

आता पहिला कागद. १९५१, लंडन, १५० पाउंड. याचे रुपये २०००, सरळ. लोक इथे एक चूक करतात की सप्टेंबर १९४९ मधे रुपयाचं अवमूल्यन झालं म्हणून १९५१ चा पाउंडाचा दर वेगळा धरतात. तो वेगळा नाहीये. १८ सप्टेंबर १९४९ ला पाउंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला गेला, रुपया त्याच्याबरोबर तितकाच खाली आला, त्यामुळे डॉलर ३.३१ वरून ४.७६ झाला पण पाउंड १३.३३ च राहिला. १९२७ पासून ५ जून १९६६ पर्यंत, एवढी सगळी वर्षं, पाउंडाचा कुठलाही कागद असेल तर १३.३३ धरा, बँकेचं कमिशन आणि खरेदी-विक्रीतला किरकोळ फरक सोडून. आणि कृपा करून त्या १५० पाउंडांना आजच्या शंभराच्या वरच्या दराने गुणू नका, वाटणीच्या भांडणात हे फार होतं. काकांनी पाठवले तेव्हा घरात आले ते २००० रुपये. त्या २००० ची आजची किंमत काय हा वेगळा प्रश्न आहे, तो इथल्या महागाईवरून काढायचा, पाउंडावरून नाही.

१९४९ चा विषय निघालाय तर एक सांगून टाकतो, कारण सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या कागदात हे मला दिसलेलं आहे. त्या वेळी पाकिस्तानने अवमूल्यन केलं नाही. काल-परवापर्यंत एकच असलेला रुपया अचानक १०० पाकिस्तानी बरोबर १४४ भारतीय असा झाला. भारताने तो दर मानायला नकार दिला, दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ ठप्प झाला, पूर्व बंगालचा ताग कोलकात्याच्या गिरण्यांना मिळेना आणि सिंध-पंजाबच्या कापसाची मुंबईच्या गिरण्यांना ओढाताण झाली. १९५१ च्या फेब्रुवारीत भारताने तो दर मान्य केला आणि जुलै १९५५ अखेरीस पाकिस्ताननेही अवमूल्यन करून परत बरोबरी आणली. त्यामुळे त्या सहा वर्षांतल्या कागदावर नुसतं 'रुपये' लिहिलेलं असेल तर कुठले रुपये ते आधी बघा.

तसंच आखाताचं. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांत बहरीन, कुवेतहून आलेली पन्नासच्या दशकातली पत्रं असतात, त्यात रकमा रुपयातच असतात आणि लोक विचारतात हे कशात बदलून घेतले. बदलायचा प्रश्नच नव्हता, तिथे भारतीय रुपयाच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने त्या नोटा परत इथे येऊन परकीय चलन झिरपायला लागलं म्हणून १९५९ मधे रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, झेड अक्षराने नंबर सुरू होणाऱ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मधे, बहरीनने १९६५ मधे आपलं चलन आणलं, कतार आणि दुबई १९६६ च्या अवमूल्यनानंतर बाहेर पडले, ओमानमधे तर तो १९७० पर्यंत चालला. गोव्याचे कागद असतील तर तिथे १९५९ मधे पोर्तुगीजांचा रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाचे सहा एस्कुदो.

दुसरा कागद सगळ्यात अवघड आहे कारण त्यावर महिना नाही. १९६६ साली ५ जूनपर्यंत डॉलर ४.७६ आणि ६ जूनपासून ७.५०. म्हणजे मामांचे १०० डॉलर एकतर ४७६ रुपये होते नाहीतर ७५०. मधलं काहीही नव्हतं. आता इंटरनेटवरचे वर्षवार तक्ते बघाल तर १९६६ समोर सहा रुपये तीस-पस्तीस पैसे असं काहीतरी दिसेल, ती वर्षाची सरासरी आहे, त्या दराने अख्ख्या देशात कोणीही एकही डॉलर विकलेला नाही. वार्षिक सरासरी ही अर्थशास्त्रज्ञांच्या कामाची, एका माणसाच्या एका व्यवहाराला ती लावायची नाही. वहीतली मागची-पुढची पानं बघा, दिवाळी, लग्न, पेरणी, शाळेची फी, असं काही शेजारी लिहिलं असेल तर जूनच्या आधीचं की नंतरचं ते कळतं. टपालाचा शिक्का असलेलं पाकीट जपलं असेल तर उत्तमच.

त्या ६ जूनबद्दल थोडं. १९६२ आणि १९६५ ची युद्धं झालेली, १९६५ चा पाऊस गेलेला, अमेरिकेची मदत युद्धानंतर थांबलेली, धान्य बाहेरून येत होतं, आणि वर्ल्ड बँक-नाणेनिधीचा दर बदला म्हणून आग्रह. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते, अर्थमंत्री सचिन चौधरी होते. एका रात्रीत रुपया २१ सेंटवरून १३.३३ सेंटवर आला. कोणी सांगतं ३६.५ टक्के अवमूल्यन, कोणी सांगतं डॉलर ५७.५ टक्के महाग, ही दोन वेगळी मतं नाहीत, एकच गोष्ट दोन टोकांकडून मोजलेली आहे, वर १९२७ ला सांगितलं तसंच. आणि अजून एक, त्याच वेळी निर्यातदारांना मिळणाऱ्या सवलती काढल्या गेल्या, चहा-तागासारख्या मालावर निर्यात कर बसला, काही आयात करही कमी झाले. म्हणजे कागदावर दर जेवढा बदलला तेवढा व्यापाऱ्याच्या हातात बदलला नाही. त्याच वर्षी परत दुष्काळ, त्यामुळे या निर्णयाची बदनामीच जास्त झाली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कुठल्याही सरकारने 'अवमूल्यन' हा शब्द उघडपणे उच्चारायचं धाडस केलं नाही, हे मला त्याचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

हा दर सरकारी होता हेही विसरू नका. साठीच्या दशकात अमेरिकेला शिकायला गेलेली आपली माणसं सांगतात की निघताना खिशात आठ डॉलर होते. ती काही कंजुषी नव्हती, रिझर्व्ह बँक तेवढेच द्यायची. साडेसात रुपयांचा दर छापलेला होता पण त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळायचे नाहीत, आणि जे बाहेर मिळायचे ते वरच्या भावाने, बेकायदा. म्हणून त्या काळात घरी हवाल्याने पैसे आले असतील तर बँकेचा दर लावून हिशेब जुळणार नाही, आणि तो जुळत नाही म्हणून घरात कोणी पैसे खाल्ले असा संशय घेऊ नका, अशी भांडणं मी बघितलेली आहेत आणि त्याचं फार वाईट वाटतं.

त्यानंतरचा काळ पटकन सांगतो. नोव्हेंबर १९६७ मधे पाउंड परत २.४० वर आला, या वेळी रुपया मागे गेला नाही, म्हणून पाउंड २१ वरून १८ रुपये झाला. डिसेंबर १९७१ मधे रुपया पाउंडाला १८.९६७७ वर बांधला, सप्टेंबर १९७५ मधे पाउंड सोडून अनेक चलनांच्या टोपलीला बांधला. टोपलीत कुठलं चलन किती ते गुप्त ठेवलेलं असायचं. ऐंशीच्या दशकात गाजावाजा न करता रुपया हळूहळू खाली सोडत नेला, दशकाच्या सुरुवातीला ८ च्या आत असलेला डॉलर १९९०-९१ ला सरासरी १७.९४ झाला.

जुने कागद वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: १९९३ च्या ऑगस्टपर्यंत आपल्या बँका दर उलटा लिहायच्या, म्हणजे १०० रुपयांना किती परकीय चलन. १९६८ च्या कागदावर १३.३३ सारखा आकडा दिसला तर तो 'डॉलरला तेरा रुपये' नाही, १०० रुपयांना १३.३३ डॉलर, म्हणजेच साडेसात. पाउंडासमोर ५.५५ दिसलं तर ते १८ रुपये. हे माहीत नसलेल्यांनी वकिलाकडे चुकीचे हिशेब नेऊन दिलेले आहेत.

तिसरा कागद, ऑक्टोबर १९९२, म्हणजे रुपयाच्या इतिहासातल्या अगदी वेगळ्या अकरा-बारा महिन्यांतला. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. सोनं बाहेर गेलं, आधी स्टेट बँकेमार्फत २० टन, मग जुलैमधे रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे. १ जुलै आणि ३ जुलै १९९१, अशा दोन टप्प्यांत रुपया खाली आणला, डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या जवळ गेला. मनमोहन सिंग अर्थमंत्री, सी. रंगराजन रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर. या दोन दिवसांमुळेच १९९१ चे कॅलेंडर वर्षाचे तक्ते २२.७४ सांगतात आणि रिझर्व्ह बँकेचे एप्रिल ते मार्चवाले २४.४७, दोन्ही बरोबर, वर्ष वेगळं आहे.

मग मार्च १९९२ पासून दोन दर सुरू झाले. बाहेरून आलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने रिझर्व्ह बँकेला जायचे, खत-तेल अशा गरजेच्या आयातीसाठी, आणि ६० टक्के बाजारभावाने. म्हणून तुमच्या कागदावरचा दर कुठल्याही तक्त्यात सापडत नाहीये, तो मिश्रण आहे. सोपं करून दाखवतो, सरकारी दर समजा २६ आणि बाजारात ३०, तर ४०० डॉलरचे १०,४०० आणि ६०० डॉलरचे १८,०००, एकूण २८,४००, म्हणजे डॉलरला २८.४०. तुमचा आकडा सरकारी आणि बाजारभावाच्या मधे बसत असेल तर कागद खरा आहे, शंका घ्यायचं कारण नाही. त्यावर जमा झालेली रुपयांतली रक्कमच धरा, दुसरा कुठलाही दर लावायला जाऊ नका. परदेशातून पैसे पाठवणाऱ्यावर तो एक प्रकारचा न दिसणारा कर होता, पण त्या वर्षभरात बाजाराला स्वतःचा दर शोधायची सवय लागली आणि मार्च १९९३ मधे दोन्ही दर एक करून रुपया बाजारावर सोडला तेव्हा काही पडझड झाली नाही, ३१.३७ वर तो जवळपास दोन वर्षं शांत बसला. हे काम किती नाजूक होतं ते त्या खात्यात बसणाऱ्यांना माहितीये.

१९९३ नंतर दर रोज हलतो, त्यामुळे तारीख लागतेच. २००७ च्या शेवटी डॉलर ४० च्या खाली होता, २८ ऑगस्ट २०१३ ला ६८ च्या वर, ऑक्टोबर २०२२ ला ८३ पर्यंत, तारखेशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

दर शोधायचे कुठे. १९७३ पासूनचे डॉलरचे रोजचे दर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडे फुकट मिळतात, आणि त्यांच्याच जुन्या आकडेवारीच्या ग्रंथांत १९१४ पासून न्यूयॉर्कमधल्या रुपयाच्या दराचे तक्ते आहेत, सेंटमधे. १९४७ ला साधारण ३० सेंट तिथेही छापलेलं आहे, व्हॉट्सॲपवाल्या नातेवाईकांना तेच दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक हँडबुकमधे सरासरी आणि वर्षअखेर असे वेगळे रकाने असतात, कुठला घेतोय ते बघून घ्या. रोजचा रेफरन्स रेट जुलै २०१८ पर्यंत रिझर्व्ह बँक काढायची, त्यानंतर एफबीआयएल ही संस्था काढते. पण हा मोठ्या बँकांमधला दर, तुम्हा-आम्हाला मिळतो तो कार्ड रेट म्हणजे बँकेने गिऱ्हाइकांसाठी लावलेला दर, त्यातही बँक परकीय चलन घेणार तो टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) बाइंग, देणार तो टीटी सेलिंग, नोटांचा त्याहून वेगळा.

टॅक्ससाठी तर अजूनच ठरलेलं आहे. परदेशातला पगार किंवा शेअर विकून झालेला फायदा रुपयात करताना १९६२ च्या आयकर नियमावलीतला नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट घ्यायला सांगतो, आणि तोही व्यवहाराच्या दिवसाचा नाही तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. १० ऑगस्टला शेअर विकले तर ३१ जुलैचा दर. खात्यात प्रत्यक्ष किती रुपये आले ते इथे बघत नाहीत. नियमावली बदलली असेल तर चालू वर्षाचा नियम सीएकडून तपासून घ्या.

तुमच्या वाटणीच्या कागदासाठी मी असं लिहीन: पहिला २००० रुपये, दर १ शिलिंग ६ पेन्स, कायद्याने ठरलेला. तिसरा बँकेच्या कागदावर आहे तोच आकडा, शेजारी 'दुहेरी दराचा काळ' असं लिहून. आणि दुसऱ्यासमोर ४७६ किंवा ७५० असे दोन्ही लिहा, महिना सापडेपर्यंत मधला आकडा काढून सही कोणाची घेऊ नका. वहीच्या त्या पानाचा आणि आधी-नंतरच्या दोन-दोन पानांचा फोटो पाठवलात तर महिना काढायला मी मदत करतो.